कोणता बाँड, कुठल्या सालचा?

जेम्स बाँडवरच्या माझ्या पहिल्याच लेखाच्या पहिल्याच वाक्यात मी आपटले. वाक्य असं होतं: ‘१९६२ साली पांढऱ्या वर्तुळातून शॉन कॉनरी चालत आला, गर्रकन वळला, त्याने थेट आपल्यावर गोळी झाडली आणि पडदा लाल झाला.’ लेख छापून आला आणि आठवड्याभरात एका वाचकांचं पत्र आलं. मोजून तीन ओळी. ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटाच्या सुरुवातीच्या त्या वर्तुळात कॉनरी नाहीच, तो बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन आहे. पहिल्या तिन्ही चित्रपटांत तोच आहे. कॉनरी स्वतः त्या वर्तुळात आला तो १९६५च्या ‘थंडरबॉल’मध्ये.

हा चित्रपट मी किती वेळा पाहिला असेल त्याची गणती नाही. त्यात माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारण्यात आयुष्य गेलेलं. मग ती काही सेकंदं थांबवत थांबवत पुन्हा पाहिली. बांधा वेगळा आहे, गोळी झाडण्याआधी घेतलेली छोटीशी उडी वेगळी आहे. डोळ्यांना सिमन्स दिसत होता आणि डोकं कॉनरी वाचत होतं. प्रुफं वाचताना नेमकं हेच होतं. छापलेला शब्द वाचला जात नाही, तिथे जो असायला हवा तो वाचला जातो.

त्या पत्रानंतर मी बाँडवर लिहायची माझी पद्धत बदलली. ती इथे सांगते आहे. बाँडऐवजी तुमचा आवडता हेर दुसरा कुणी असला तरी चालेल, फक्त त्याच्या मागे काही दशकांचा पसारा हवा. पसारा जितका जुना, तितकी ही पद्धत कामाला येते.

आधी मोजदाद

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर, आपण ज्याला ‘बाँड’ म्हणतो ते नेमकं काय काय आहे, ते मांडा. इयन फ्लेमिंगच्या १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह. पहिली कादंबरी ‘कॅसिनो रोयाल’, १३ एप्रिल १९५३. फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेला, तरी शेवटची कादंबरी १९६५ मध्ये आणि दुसरा कथासंग्रह १९६६ मध्ये आला. त्यानंतर इतरांनी लिहिलेल्या कादंबऱ्या. १९६८ मध्ये किंग्जली एमिसने टोपणनावाने लिहिलेली एक, मग जॉन गार्डनर, रेमंड बेन्सन, अँथनी होरोविट्झ. १९५८ पासून ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये येणारी चित्रपट्टी. १९५४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर झालेलं ‘कॅसिनो रोयाल’, ज्यात बॅरी नेल्सनचा बाँड चक्क अमेरिकन आहे. आणि चित्रपट.

चित्रपट किती? इथेच पहिली ठेच लागते. इऑन या निर्मितीसंस्थेचे २५, १९६२ ते २०२१. त्याबाहेरचे दोन. १९६७ चा विडंबनपट ‘कॅसिनो रोयाल’ आणि १९८३ चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’. त्यामुळे ‘कॉनरीने सात वेळा बाँड केला’ हे बरोबर आणि ‘कॉनरीचे सहा बाँडपट’ हेही बरोबर, पण दोन्हींच्या मागे ‘कोणत्या मोजणीने’ हे लिहिलेलं नसेल तर दोन्ही चूक. लेझनबी एक, मूर सात, डाल्टन दोन, ब्रॉस्नन चार, क्रेग पाच. कॉनरीचे सहा धरून बेरीज करून पाहा, २५ येतात. अशी बेरीज मी प्रत्येक लेखाआधी करते. कंटाळवाणी आहे, पण अर्ध्या मिनिटात होते.

मोजदाद झाली की तिच्यातला अगदी लहान तुकडा उचला. ‘बाँड आणि शीतयुद्ध’ असले विषय पहिल्या लेखाला घेऊ नका. त्यात तुम्ही इतरांचं वाचलेलंच परत लिहाल. एक वस्तू घ्या. एखादी गाडी, एखादं पिस्तूल, तोंडी बसलेलं एखादं वाक्य. वस्तू लहान असली की तिच्या मागे मागे जाता येतं, आणि जाताना शीतयुद्ध आपोआप भेटतं.

चार रकाने

वहीच्या पुढच्या प्रत्येक पानावर मी चार रकाने आखते. पहिल्यात विधान. दुसऱ्यात ते कुठल्या जगातलं आहे त्याचं अक्षर: ‘पु’ म्हणजे पुस्तकातलं, ‘चि’ म्हणजे चित्रपटातलं, ‘ख’ म्हणजे खऱ्या जगातलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. तिसऱ्यात साल आणि आवृत्ती. चौथ्यात मी स्वतः ते कुठे पाहिलं, पान किंवा मिनिट. चौथा रकाना रिकामा असेल तर विधान लेखात जात नाही, मग ते कितीही आवडीचं असो. ‘ऐ’ची सगळी विधानं पेन्सिलीने लिहायची, म्हणजे खोडता येतात.

याचा उपयोग काय, ते बाँडच्या वयावरून सांगते. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

‘कॅसिनो रोयाल’ कादंबरीत बाँडकडे साडेचार लिटरची जुनी बेंटली आहे. ती त्याने १९३३ मध्ये, जवळजवळ नवी असताना घेतली. १९५५च्या ‘मूनरेकर’मध्ये सांगितलंय की पंचेचाळिशीला डबल-ओच्या, म्हणजे मारण्याचा परवाना असलेल्या हेरांच्या, यादीतून नाव निघतं आणि बाँडची अजून आठ वर्षं उरली आहेत. म्हणजे तो सदतीस वर्षांचा. जन्म १९१७ च्या आसपास. बेंटली घेताना साधारण सोळाचा. कसंबसं पचवू. मग १९६४ ची ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ येते. तिच्यात बाँड मेला असं समजून त्याचे वरिष्ठ, एम, ‘द टाइम्स’साठी मृत्युलेख लिहितात. त्यात आहे की आईवडील गिर्यारोहणाच्या अपघातात गेले तेव्हा तो अकराचा होता आणि १९४१ मध्ये आपलं वय एकोणीस असल्याचं सांगून तो नोकरीत शिरला. म्हणजे खरं वय त्याहून कमी. त्याच कादंबरीत त्याचं जन्मवर्ष चिनी वर्षचक्रातलं उंदराचं असल्याचा उल्लेख आहे, आणि त्या हिशेबाने १९२४ बसतं. आता १९३३ ची बेंटली घेणारा गृहस्थ नऊ वर्षांचा होतो.

बहुतेक चाहते इथे टाळी वाजवून थांबतात. ‘लेखकाची चूक सापडली!’ मीही थांबायचे. पण चूक सापडते तिथे लेख सुरू होतो. फ्लेमिंगला वय बदलावंसं का वाटलं असेल? स्वतःच घातलेल्या नियमाप्रमाणे १९१७ चा बाँड १९६२ मध्ये पंचेचाळीस होतो आणि यादीतून बाहेर पडतो. पुस्तकं तर तडाखेबंद खपत होती. तेव्हा नायकाला तरुण ठेवायचा तर जन्म पुढे ढकलायलाच हवा. हा माझा तर्क आहे, आणि लेखात मी तो ‘माझा तर्क’ असंच म्हणून लिहिते. चार रकान्यांत तर्काला अक्षर नाही, तो वहीच्या समासात लिहायचा.

त्याच मृत्युलेखात एक गंमत दडलेली आहे. एम लिहितात की बाँडच्या एका मित्राने आणि जुन्या सहकाऱ्याने त्याच्यावर लोकप्रिय पुस्तकं लिहिली आहेत, आणि ती आणखी जरा दर्जेदार किंवा जरा जास्त खरी असती तर त्या लेखकावर गोपनीयतेच्या कायद्याखाली खटलाच भरावा लागला असता. म्हणजे फ्लेमिंगने स्वतःच, पात्राच्या तोंडून, पुस्तकांवर सगळा भरवसा ठेवू नका म्हणून ठेवलं आहे. इतकी मोकळीक देणारा लेखक विरळा.

आणि हो, ‘बाँडचा जन्म ११ नोव्हेंबर १९२०’ असं ठणकावून सांगणारे तुम्हाला भेटतील. ही तारीख फ्लेमिंगची नाही. जॉन पिअरसनने १९७३ मध्ये बाँडचं एक काल्पनिक चरित्र लिहिलं, तिथली ती आहे. याच पिअरसनने १९६६ मध्ये फ्लेमिंगचं खरं चरित्रही लिहिलं होतं. एकच लेखक, एक चरित्र खरं आणि एक कल्पित. दोन्ही चरित्रांची नावं नीट न वाचता नोंद केली की ‘पु’ आणि ‘ख’ एकमेकांत मिसळले म्हणून समजा.

दोन कालपट शेजारी ठेवा

पुस्तकांचा क्रम वेगळा आणि चित्रपटांचा वेगळा. ‘डॉ. नो’ ही सहावी कादंबरी, पण पहिला चित्रपट. एका पानावर दोन उभ्या ओळी आखून डावीकडे पुस्तकं, उजवीकडे चित्रपट अशी सालं लिहा. मग एकाच कथेला जोडणाऱ्या तिरप्या रेघा ओढा. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे लेख आहे.

उदाहरण: ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ कादंबरी १९६३ ची, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ १९६४ ची. पहिलीच्या शेवटी बाँडची नवपरिणीत बायको मारली जाते, दुसरीत तो त्याचा सूड घेतो. चित्रपट मात्र उलटे आले, १९६७ मध्ये दुसरी कथा आणि १९६९ मध्ये पहिली. त्यामुळे १९६७ मध्ये खलनायक ब्लोफेल्ड बाँडला समोरासमोर भेटतो आणि १९६९ मध्ये तोच ब्लोफेल्ड, वेगळं नाव घेऊन आलेल्या बाँडला ओळखत नाही. पुस्तकात ते बरोबर होतं, तिथे ती पहिलीच समोरासमोरची भेट होती. चित्रपटात दोन्ही भूमिकांमधले नट बदलले होते म्हणून बहुतेकांना खटकलं नाही.

पिस्तुलाची रेघही अशीच. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रांच्या शौकिनाने फ्लेमिंगला पत्र लिहिलं. बाँडची कथा आवडते, पण त्याची ती .२५ बेरेटा म्हणजे बायकी पिस्तूल. (शब्द त्यांचे, वाद माझ्याशी घालू नका.) फ्लेमिंगने उत्तर दिलं, पत्रव्यवहार वाढला आणि १९५८च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत ‘मेजर बूथरॉइड’ नावाचा शस्त्रागारप्रमुख बाँडच्या हाती वाल्थर पीपीके देतो. पुस्तकात या बदलाला आधीच्या कादंबरीतलं कारण आहे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या शेवटी बाँड मरता मरता वाचला होता. पण पडद्यावर ‘डॉ. नो’च पहिला, त्यामुळे तिथे एमना प्रेक्षकांनी कधीच न पाहिलेल्या कामगिरीचा दाखला द्यावा लागतो. वाचकाचं एक पत्र, त्यातून कादंबरीतलं पात्र, त्यातून चित्रपटातला प्रसंग. मला या सबंध पसाऱ्यातली ही सर्वांत लाडकी साखळी आहे, कारण ती आपल्यासारख्याच एका चाहत्याने सुरू केली.

फ्लेमिंगचा असा पत्रव्यवहार त्याचा पुतण्या फर्गस फ्लेमिंगने २०१५ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला आहे. कादंबऱ्यांची मूळ टंकलिखितं अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहेत. तिथवर जाणं प्रत्येकाला जमणार नाही, पण ती कुठे आहेत हे माहीत असलेलं बरं. कुणी ‘मूळ हस्तलिखितात असं आहे’ म्हणालं, की कुठल्या ग्रंथालयात पाहिलंत, असं विचारता येतं.

लेखकावरही नजर ठेवा

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या सुरुवातीला फ्लेमिंगची टीप आहे. बरीचशी पार्श्वभूमी खरी आहे, स्मर्श ही सोव्हिएत गुप्त संघटना आजही अस्तित्वात आहे, तिचं मुख्यालय मॉस्कोत अमुक रस्त्यावर, घर क्रमांक तेरा. पत्त्यासकट सांगितल्यावर कोण शंका घेणार? मी नाही घेतली. एका लेखात ‘ख’ रकान्यात घालून मोकळी झाले. स्मर्श खरी होती यात शंका नाही, पण ती १९४३ मध्ये उभी राहिली आणि १९४६ मध्येच बंद झाली. टीप लिहिली तेव्हा तिला जाऊन दहा वर्षं होत आली होती. फ्लेमिंग युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात ॲडमिरल गॉडफ्रींचा सहायक होता, नंतर पत्रकार. खरं वाटेल असं खोटं कसं मांडावं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. लेखकाची टीप, मुलाखत, प्रस्तावना हे सगळं ‘पु’मध्येच घालायचं. खऱ्या जगातून दुजोरा मिळाला तरच ‘ख’.

चित्रपटही खोटं बोलतात, आणि तेही श्रेयनामावलीत. १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’च्या शेवटी पाटी येते की बाँड पुढे ‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये परतेल. परतला तो १९७९च्या ‘मूनरेकर’मध्ये. मधल्या काळात अंतराळपटांची लाट आली होती आणि निर्मात्यांनी बेत बदलला.

आवाजांचंही तसंच. ‘डॉ. नो’मध्ये समुद्रातून येणाऱ्या उर्सुला अँड्रेसचा संवादांतला आवाज निकी व्हॅन डर झील यांचा, आणि ‘गोल्डफिंगर’मधल्या गर्ट फ्रोबचा मायकेल कॉलिन्सचा. तेव्हा ‘काय संवादफेक आहे!’ असं लिहिताना जरा जपून.

ठिकाणांसाठी मी वेगळं पान ठेवते. पडद्यावर काय म्हटलंय आणि चित्रीकरण कुठे झालं, असे दोनच रकाने. १९९५च्या ‘गोल्डनआय’मधली धरणावरची ती उडी कथेत सोव्हिएत संघातली आहे, धरण स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतातल्या व्हर्झास्का खोऱ्यातलं आहे. याउलट १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त उदयपूर हे उदयपूरच आहे. कादंबऱ्यांत गुप्तचर खात्याची इमारत रीजंट्स पार्कजवळ आहे. थेम्सकाठची ती हिरवट-पिवळी खरी इमारत १९९४ ची, म्हणून कॉनरीवरच्या लेखाला तिचा फोटो लावू नका. मी लावलेला आहे, म्हणून सांगते.

आवृत्ती न सांगता उतारा देऊ नका

उतारा देताना पुस्तकाच्या सुरुवातीला आवृत्तीचं साल छापलेलं पान आधी पाहा. बाँडच्या बाबतीत हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, त्यावाचून अडतं. ‘कॅसिनो रोयाल’ची १९५५ ची अमेरिकन कागदी बांधणीची आवृत्ती वेगळ्याच नावाने निघाली होती, ‘यू आस्क्ड फॉर इट’. ‘लिव्ह अँड लेट डाय’च्या अमेरिकन आवृत्तीत कृष्णवर्णीयांबद्दलचा मजकूर आणि एका प्रकरणाचं शीर्षक फ्लेमिंगच्या हयातीतच बदललं होतं. आणि २०२३ मध्ये सत्तर वर्षांनिमित्त निघालेल्या नव्या आवृत्त्यांत आणखी बदल केले गेले. तेव्हा ‘फ्लेमिंगने असं लिहिलंय’ आणि ‘फ्लेमिंगने असं लिहिलेलंच नाही’ म्हणून भांडणारे दोघे आपापल्या प्रतीत बघून खरं बोलत असू शकतात.

याच संदर्भात आणखी एक. चाहत्याला वकील व्हायची फार हौस असते. १९५८ मध्ये ‘न्यू स्टेट्समन’मध्ये पॉल जॉन्सनने ‘डॉ. नो’ची जी सालटी काढली ती आधी पूर्ण वाचा. मला ती निम्मी पटते. बायकांबद्दल, परदेशी माणसांबद्दल या पुस्तकांत जे आहे ते आहे. ‘त्या काळी चालायचं’ म्हणून झाकू नका, कारण त्या काळीही सगळ्यांना चालत नव्हतं. जॉन्सन त्याच काळातला होता.

वाद आणि अफवा

कोर्टकचेरीबद्दल लिहिताना ‘चोरी’ हा शब्द टाळा. ‘थंडरबॉल’चं घ्या. फ्लेमिंग, केव्हिन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एक पटकथा रचली होती, चित्रपट झाला नाही. फ्लेमिंगने १९६१ मध्ये त्यावरून कादंबरी काढली आणि इतर दोघांचं नाव घातलं नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला, तो तडजोडीने मिटला. पुढच्या आवृत्त्यांवर तिघांची नावं आली, चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीला गेले. १९८३ चा मालिकेबाहेरचा चित्रपट त्यातूनच निघाला. ब्लोफेल्ड मुळात याच कथेतला, म्हणूनच १९८१च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या सुरुवातीला चाकांच्या खुर्चीतला, मांजर कुरवाळणारा तो टक्कल पडलेला माणूस ज्याचं नाव कुणीच घेत नाही. २०१३ मध्ये मॅक्लोरीच्या वारसांशी व्यवहार झाला आणि २०१५ मध्ये ब्लोफेल्ड नावासकट परतला. एवढं लिहिलं की पुरे. कोण चोर, कोण साव, हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर नाही.

बाँडच्या सुप्रसिद्ध धूनबद्दल तर दुप्पट जपा. श्रेय माँटी नॉर्मनचं, वाद्यरचना जॉन बॅरीची. ती धून बॅरीचीच, असा सूर लावणाऱ्या एका वृत्तपत्राविरुद्ध नॉर्मनने बदनामीचा दावा लावला आणि २००१ मध्ये ३०,००० पौंड मिळवले.

अफवा चटकन उरकते. ‘गोल्डफिंगर’मध्ये अंगभर सोनेरी रंग लावलेली अभिनेत्री चित्रीकरणात गुदमरून मेली, ही थाप आहे. शर्ली ईटन त्यानंतरही चित्रपटांत काम करत होती.

आता मराठीत लिहिताना

कथा सांगताना वर्तमानकाळ, निर्मिती सांगताना भूतकाळ: ‘बाँड गाडीत बसतो’, पण ‘फ्लेमिंगने गाडी बदलली’. एवढ्या एका सवयीने पात्राचं जग आणि लेखकाचं जग आपोआप वेगळं राहतं. शीर्षकांचं भाषांतर करू नका. मूळ नाव देवनागरीत द्या, पण त्याच्या मागे ‘कादंबरी’ किंवा ‘चित्रपट’ आणि साल जोडायला विसरू नका. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’चं उदाहरण पुरेसं आहे. कादंबरी व्हिव्हिएन मिशेल नावाच्या तरुणीने स्वतः सांगितलेली, बाँड त्यात उशिरा येतो. चित्रपटाने तिच्यातलं फक्त नाव घेतलं, तशीच फ्लेमिंगची अट होती.

आपल्या भाषेची एक अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कळणार नाही: एम. ‘एम म्हणाला’, ‘म्हणाले’, की ‘म्हणाल्या’? कादंबऱ्यांतले एम म्हणजे ॲडमिरल सर माइल्स मेसर्व्ही, बाँड त्यांना ‘सर’ म्हणतो, तेव्हा निवेदनातही मी ‘म्हणाले’ करते. १९९५ ते २०१२ च्या चित्रपटांत जुडी डेंच, तिथे ‘म्हणाल्या’. सगळ्या कालखंडांबद्दल एकत्र लिहायची वेळ आली की वाक्यच मोडतं. मग मी ‘एमच्या खुर्चीवरून हुकूम सुटतो’ असं काहीतरी करते. खऱ्या खात्याच्या प्रमुखाला ‘सी’ म्हणतात, पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड कमिंग यांच्या आडनावावरून. बाँडसाठी ‘तो’, यात मला कधी शंका आली नाही.

नावांचं शुद्धलेखन मूळ पानावरून घ्या. सोन्याने मढवलेली ती जिल कादंबरीत मास्टर्टन आहे आणि चित्रपटात मास्टरसन. देवनागरीत हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त ठळक दिसतो, चुकलात की लगेच पकडले जाल.

रूपांतराबद्दल लिहिणार असाल तर ‘पुस्तक चांगलं की चित्रपट’ हा प्रश्न सोडून द्या. प्रश्न असा घ्या: पटकथाकाराला पुस्तकातलं काय अडलं? कादंबरीत खलनायक गोल्डफिंगर फोर्ट नॉक्सचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं पळवायला निघतो. मेबॉम आणि डेन यांच्या पटकथेत बाँडच त्याला हिशेब ऐकवतो. एवढं सोनं साठ माणसांनी दोनशे ट्रकांवर लादायचं तर बारा दिवस लागतील. मग गोल्डफिंगर सांगतो की त्याला ते न्यायचंच नाही, तिथल्या तिथे किरणोत्सारी करून टाकायचं आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सोन्याचा भाव वाढेल. पुस्तकाला पडलेलं भोक बुजवलं नाही, त्यालाच संवाद केलं. दोन पानं शेजारी ठेवून हे दाखवलंत की लेख जवळपास झालाच.

सगळ्यात शेवटी, तपासलेलं परत तपासा, विशेषतः जे भरवशाच्या माणसाकडून आलंय ते. सिमन्सबद्दल कळवणाऱ्या त्या वाचकांच्या दुसऱ्या पत्रात होतं की ‘शेकन, नॉट स्टर्ड’ हे मार्टिनी कशी हवी ते सांगणारं वाक्य कॉनरी पहिल्यांदा ‘डॉ. नो’मध्ये म्हणतो. एकदा त्यांचं खरं ठरलं होतं, म्हणून मी चौथा रकाना रिकामा ठेवून ते छापलं. ‘डॉ. नो’ चित्रपटात ते शब्द खलनायकाच्या तोंडी आहेत. बाँड स्वतः ते पहिल्यांदा म्हणतो १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये. (भाषांतर मी ‘ढवळून नको, हलवून’ असं करते. ‘घुसळून’ करून पाहिलं, भलतंच चित्र उभं राहतं.) दुरुस्ती छापली आणि त्यांनाही कळवलं.

त्यांचं तिसरं पत्र आलं तेव्हा सोबत त्यांच्या वहीच्या एका पानाची नक्कल होती. माझ्यासारखेच चार रकाने, पण पुढे पाचवा त्यांनी स्वतः वाढवला होता: ‘हे खोटं निघालं तर लेखातलं कुठलं वाक्य पडेल?’ माझ्या जुन्या वह्यांत समास अरुंद आहेत, तिथे तो रकाना बसत नाही. नवी वही मी आडवी धरून आखली आहे.